मत विकणे आहे

अहो वहिनी, कढीपत्ता हवाय ना, घ्या की हात लांबवून. फांदी तुमच्याच बाजूला वाकलीय. काय? नको? मग कुंपणाशी उभ्या राहून फोनमध्ये काय वाचताय एवढं? सर्व्हे? घरबसल्या? आठवड्याला दोन हजार?

थांबा. वाचून दाखवा बघू मला तो मेसेज. "आदरणीय मॅडम, आमच्या कंपनीत आपली निवड झाली आहे." निवड झाली! अर्ज कधी केला होतात तुम्ही? पुढे? "नोंदणी शुल्क फक्त 1,499 रुपये, पूर्णपणे परत मिळणारे." परतच द्यायचेत तर घेताय कशाला, असं नाही विचारलंत? भिशीतल्या बायकांनी भरले म्हणून तुम्हीही भरणार? अहो, भिशीत तुमचा नंबर लागला की पैसे आमच्याच पर्समधून आलेले असतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मेसेज पाठवणाऱ्या या बाई जे दोन हजार देणार ते कोणाच्या पर्समधले?

तुम्हाला माहीत नसेल, लग्नाआधी मी हेच काम करायची. दारोदार फिरून प्रश्नावल्या भरायच्या. खांद्याला पिशवी, तिच्यात छापील फॉर्म, दाखवायची कार्डं आणि शेवटी बाईच्या हातात ठेवायला साबणाची वडी. पहिलाच प्रश्न ठरलेला: घरात कोणी जाहिरात कंपनीत, वर्तमानपत्रात किंवा सर्व्हेच्याच धंद्यात आहे का? "हो" म्हटलं की नमस्कार करून पुढचं घर. त्यात आमचे कोटे असायचे. पंचवीस ते पस्तीस वयाच्या, अमुक चहा पिणाऱ्या एवढ्या बायका. त्यात बसत नसेल तर बाईनं फुकट मत दिलं असतं तरी आम्हाला ते नको असायचं. चहा पाजला तरी नको. पुढे सुपरवायझर त्यातल्या काही घरांत जाऊन विचारायचा, पोरगी खरंच आली होती का, की हॉटेलात बसून फॉर्म भरले. आमच्यातल्या काही भरायच्याही, पण तो वेगळा विषय.

माझी भाची अजून त्याच धंद्यात आहे. ती सांगते, आमच्यानंतर घराची ऐपत मोजायची रीत बदलली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती आणि 11 वस्तूंपैकी घरात किती, एवढ्यावरून 12 वर्ग पाडायला लागले. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. हो, शेतजमीनसुद्धा! म्हणजे आमच्या सासऱ्यांचा तो वादातला तुकडा कुठेतरी उपयोगी पडला म्हणायचा. पण बघा, यात आधार नंबर नाही. पॅन नाही. बँकेचा खातेनंबर तर नाहीच. उत्पन्न विचारलं तरी "इतक्या ते इतक्या दरम्यान" एवढंच. कंपनीला तुमच्यासारख्या हजार बायकांचं मत हवं असतं, तुमच्या एकटीच्या आधार कार्डाचा फोटो घेऊन ती काय करणार?

फोनवरचे खरे सर्व्हेही असेच चोखंदळ, आणि तितकेच चिकट. गुगलचं ते ओपिनियन रिवॉर्ड्स आहे ना, माझ्या फोनवर आहे. परवा कुठल्या दुकानात गेला होतात, कार्ड दिलंत की रोख, असले दोन-चार प्रश्न आणि थोडे रुपये. तेही रोख नाही, प्ले स्टोअरमध्येच खर्चायचे. यूगव्ह, टोलुना वगैरे आहेत, तिथे पॉइंट साठवायचे आणि बरेच साठले की व्हाउचर. दहा प्रश्नांची उत्तरं दिली की मध्येच सांगतात, तुम्ही या सर्व्हेत बसत नाही. संताप येतो, मान्य. काही लबाड तर सगळं विचारून घेऊन शेवटच्या पानावर हाकलतात. पण मला विचाराल तर मध्येच हाकलतात तिथे निदान उत्तरं कोणीतरी वाचतंय.

तुम्हाला नमुना सर्व्हे पाठवला होता ना? काय होतं त्यात? "आपल्याला शॅम्पू आवडतो का? हो किंवा नाही." कोणता शॅम्पू, पुडी घेता की बाटली, केस धुता कितीदा, काहीच नाही? आणि लगेच "अभिनंदन"? वहिनी, या उत्तराला शॅम्पूवाला दमडी तरी देईल का? हा सर्व्हे वाचणारं कोणी नाहीच. गिऱ्हाईक तुम्ही आहात, आणि माल म्हणजे ते 1,499.

स्पीक एशिया आठवतं का? टीव्हीवर जाहिराती यायच्या. सिंगापूरची कंपनी. वर्षाची वर्गणी 11 हजार, आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी 500 रुपये. वर्षाला 52 हजार होतात, करा हिशेब. वर माणूस आणला की त्याचे वेगळे. सुमारे 24 लाख लोक पॅनेलिस्ट झाले होते. आठवड्याला हजार गुणिले 24 लाख म्हणजे 240 कोटी, दर आठवड्याला! एवढं कोणती साबण कंपनी देणार होती? 2011 च्या मे महिन्यात वाहिन्यांनी विचारायला सुरुवात केली की हे सर्व्हे आहेत तरी कोणासाठी. ज्या बड्या कंपन्यांची नावं घेतली जात होती त्यांच्यातल्या काहींनी आमचा संबंध नाही म्हणून सांगून टाकलं. मग पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा दाखल झाला. आकडा 2,200 कोटींच्या वर. आणि कमाल काय, तर पॅनेलिस्टांचीच संघटना उभी राहिली. आमची कंपनी चालू द्या, पोलिसांमुळे आमचे पैसे अडकले, म्हणून लोक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. मला त्यांच्यावर हसवत नाही. आपणच चार नातेवाइकांना आणलेलं असलं की कंपनी खोटी होती असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आता 11 हजार कोणी एकदम मागत नाही. आधी देतात! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या जावईबापूंचंच बघा. कुठे बोलू नका, त्यांच्या सासूबाईंना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. जावईबापूंना टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी सर्व्हे भरायचे आणि हॉटेलांना पाच तारे द्यायचे, त्याचे 210 रुपये खरंच खात्यात आले. मग "प्रीपेड टास्क": हजार भरा, तेराशे घ्या. मिळाले. मग पाच हजार, मग वीस. ग्रुपमध्ये बाकीचे रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकायचे, ते सगळे त्या ठगांचेच लोक. वेबसाइटवर जावईबापूंच्या नावापुढे 84 हजार दिसत होते, पण काढायला गेले की आधी टॅक्स भरा, मग म्हणे तुमचा स्कोअर कमी झालाय, तो वाढवायचे भरा. दिसणारा आकडा म्हणजे नुसतं चित्र हो! असल्या शंभरावर वेबसाइट गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून सरकारनं 2023 च्या डिसेंबरात एका फटक्यात बंद केल्या होत्या. पण नवी उघडायला कितीसा वेळ लागतो?

जावईबापू लाजेपोटी तीन दिवस गप्प बसले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, त्याच तासात फोन केला असता तर पैसे कदाचित वाटेतच अडवता आले असते. तीन दिवसांत ते या खात्यातून त्या खात्यात करत कुठल्या कुठे गेले. आणि त्यावर कळस म्हणजे जावईबापूंचं स्वतःचंच खातं फ्रीज झालं. का? तर ते पहिले 210 रुपये दुसऱ्या कोणा फसलेल्याच्या पैशातून आले होते, आणि त्यानं तक्रार केली होती. पगाराचं खातं! ईएमआय उडाला. म्हणून म्हणते, थोडे घेऊन बाहेर पडू, असं मनातसुद्धा आणू नका.

वाजला बघा फोन. तीच ना? "मॅडम, आज शेवटची तारीख." तिला लिहा, फी माझ्या पहिल्या कमाईतून कापून घ्या. लिहा हो, काही होत नाही. आणि आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबरासकट. काढले? पाठवा आता.

काय म्हणते? काहीच नाही? बघू. अगोबाई, तिचा फोटोच गेला की! ब्लॉक केलं तुम्हाला. दोन मिनिटंही नाही टिकली.

तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" म्हणून आहे ना, तिथे टाका. पैसे गेलेले नसताना कळवायला तेच आहे. आणि भिशीच्या ग्रुपवर मी लिहिते, तुम्ही नका लिहू. ज्यांनी भरलेत त्या तुमच्यावर चिडतील, माझ्यावर त्या तशाही चिडलेल्याच असतात.