पिशवी गेली, पुढं काय?

बाईची चिडचिड हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. 'तिचे ते दिवस असतील' म्हणून माणसं हसतात आणि विषय तिथंच मिटतो. शहरात तोच विषय आता डब्यात भरून विकतात. हॉर्मोनचा समतोल राखणारी पावडर, हॉर्मोनचं सरबत, वर एका नटीचा फोटो. बीड जिल्ह्यात मात्र हजारो बायकांच्या शरीरातला हा समतोल एका दुपारच्या ऑपरेशनमध्ये मोडला. तिथं ना पावडर पोचली ना डॉक्टर.

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. पावसाळ्यात लोक धबधबा बघायला येतात. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून भाविक येतात. नेमके हेच दिवस ऊसतोडीसाठी कोयता उचलायचे असतात. दिवाळी आटोपली की ट्रक-ट्रॅक्टर भरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच खर्चून गेलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर नाही तर थेट कर्नाटकातल्या फडात. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. पाळीच्या दिवसांत कंबर धरली, पोट दुखलं, अंगावरून पांढरं जायला लागलं, तरी खाडा तो खाडाच.

इथूनच गर्भपिशवी काढायला सुरुवात झाली.

2019 मध्ये हे सगळं बाहेर आलं. आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात 4,605 गर्भपिशव्या काढल्याचं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली होती. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' एवढं एक वाक्य पुरलं. पांढरं जाण्यावर साधी औषधं असतात, जंतुसंसर्ग गोळ्यांनी बरा होतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. दोन-तीन लेकरं झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचं काय काम, असा हिशेब घरानंही केला आणि दवाखान्यानंही.

त्यानंतर बीडमध्ये नियम आला: खासगी डॉक्टरनं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. 2022 मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. चांगलं झालं. पण हे सगळं पुढच्या बाईची पिशवी वाचवण्यासाठी आहे. जिची गेली, ती आकड्यात जमा झाली आणि विषयातून वजा झाली. तिचं वय तेव्हा तीस-पस्तीस होतं. तिला अजून तीस-चाळीस वर्षं जगायचंय, आणि ती कशी जगते हे विचारायला फारसं कुणी गेलेलं नाही. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

आता शरीराचं बघू. गर्भपिशवी हॉर्मोन तयार करत नाही. ते काम तिच्या दोन बाजूंना असलेली दोन अंडाशयं करतात, एकेक बदामाएवढं. पिशवीबरोबर तीही काढली, तर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत तळाला जातं. निसर्गात पाळी जाते ती हळूहळू, काही वर्षं घेऊन, आपल्या देशात सरासरी 46-47 व्या वर्षी. शरीर तेवढ्यात सावरून घेतं. इथं पस्तिशीतल्या बाईला तो वेळच मिळत नाही.

आणि अंडाशयं ठेवली तरी सुटका होतेच असं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. चार वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा पिशवी काढलेल्या बायकांपैकी सुमारे 15 टक्के जणींची अंडाशयं बंद पडली होती. पिशवी शाबूत असलेल्यांत 8 टक्के. पिशवी काढताना अंडाशयाकडं जाणारा रक्तपुरवठा कमी होत असावा, हे त्याचं एक संभाव्य कारण. शिवाय पाळी आधीच बंद झालेली असते, म्हणून अंडाशय थांबलं हे तिला कळायलाही मार्ग नसतो.

इस्ट्रोजेन म्हणजे फक्त पाळी आणि लेकरू, ही समजूत टाकून द्यायला हवी. मेंदूच्या ज्या भागांतून झोप, आठवण, मूड चालतो, तिथं त्याचं काम असतं. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची घडी त्याच्यावर बरीच अवलंबून. अंगाचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग त्याच्याशिवाय हळवा होतो. जराशी उष्णता वाढली तरी तो घाम फोडतो. बायका म्हणतात, 'अंगातून वाफा निघतात.' अगदी बरोबर वर्णन आहे. जानेवारीच्या थंडीत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, सगळे गोधडीत गुरफटून झोपलेले असतात आणि ही घामानं भिजून उठून बसते. पहाटे फडात उभं राहायचं असतं. अशा रात्री महिनोन् महिने गेल्या, तर चिडचिड होणार, रडू येणार, हातपाय गळणार. त्यात अंडाशयांतून येणारं टेस्टोस्टेरॉनही कमी झालेलं असतं. जवळिकीची इच्छा मरते, योनी कोरडी पडते, संबंध दुखतो. हे ती नवऱ्याला सांगू शकत नाही, आणि नवरा त्याचा भलताच अर्थ काढतो.

मग घर काय म्हणतं? नाटकं करते. कामाचा कंटाळा आलाय. डोक्यावर परिणाम झालाय. बाहेरचं काहीतरी लागलंय. जाऊबाई म्हणते, 'आमच्या नाही का पिशव्या गेल्या?' त्याही तसंच सोसत असतात. शेजारी सगळ्यांचंच दुखत असलं की ते दुखणं दुखणं वाटत नाही, बाईचं नशीब वाटतं.

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अंडाशयं लवकर काढलेल्या बायकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि पुढं स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढलेला दिसला. हाडांचं तर विचारूच नका. इस्ट्रोजेन गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात. बीडची ऊसतोड बाई दिवसभर उन्हात असते आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. कंबरेची तक्रार घेऊन गेली की कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी हातात पडते. पिशवी कधी काढली, अंडाशयं आहेत का, हे विचारायला मिनिटभर लागतं. तेवढंही होत नाही.

खाडा चुकावा म्हणून पिशवी काढली. पिशवी काढून झोप गेली, दम गेला, कंबर गेली, आणि खाडे पडायचे ते पडतच राहिले. वर ऑपरेशनचं कर्ज, त्यासाठी मुकादमाकडून वाढीव उचल, आणि ती फेडायला आणखी एक हंगाम. यात कुणाचं भलं झालं असेल तर ते ऑपरेशनचं बिल करणाऱ्याचं.

उपाय आहे. मला राग येतो तो याचाच. ज्यांची अंडाशयं 45 च्या आत गेली किंवा थांबली, त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन द्यावं, निदान निसर्गतः पाळी जायच्या वयापर्यंत तरी, असं जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. गोळी असते, कातडीवर लावायचं जेल असतं, कोरडेपणासाठी मलम असतं. 'हॉर्मोनच्या गोळीनं कॅन्सर होतो' ही भीती आली ती 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळं. त्यात दोन हॉर्मोन एकत्र घेणाऱ्या, बहुतांशी पन्नाशी-साठीपुढच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. पण दुसरं हॉर्मोन देतात ते गर्भपिशवीच्या अस्तराला जपण्यासाठी. पिशवीच नसलेल्या बाईला सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अभ्यासात अशा बायकांचा गट वेगळा होता, आणि 2004 च्या निष्कर्षांत त्यांच्यात स्तनांचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. कॅन्सरची भीती दाखवून जिची पिशवी काढली, तिला पुन्हा कॅन्सरचीच भीती दाखवून औषधापासून लांब ठेवायचं, हा दुसरा अन्याय आहे. गोळी सगळ्यांना चालत नाही हे खरं. स्तनांचा कॅन्सर झालेला असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर ती टाळतात. ते ठरवायलाच डॉक्टर लागतो. आणि थकव्याचं प्रत्येक कारण हॉर्मोनच असेल असंही नाही. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का, हेही एकाच सुईच्या रक्तातून कळतं.

बीडमध्ये टोळ्या निघण्याआधी आणि परत आल्यावर आरोग्य तपासणी होते. 2024 च्या हंगामाला निघालेल्या 843 जणींची पिशवी आधीच काढलेली होती आणि त्यांतल्या 477 जणी 30 ते 35 वयाच्या होत्या, हे त्याच तपासणीतून समोर आलं. म्हणजे यंत्रणा आहे, कागद आहे, आशाताई आहेत. त्या कागदावर पिशवी काढली का, हा प्रश्न येतो. त्याखाली आणखी चार प्रश्न हवेत: कोणत्या वर्षी काढली? अंडाशयं ठेवली का? रात्री घामानं जाग येते का? गेल्या महिन्यात किती दिवस उदास वाटलं? ही तपासणी फडावर मुकादमासमोर नको. गावात, बाई एकटी बसलेली असताना, बाईनंच करावी.

आणि पिशवी काढलेल्या बायांनो, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. हरवलं असेल तर दवाखान्यात जाऊन नोंद मागा. स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मागणं हा तुमचा हक्क आहे. नोंद मिळालीच नाही, तर सोनोग्राफी आणि एफएसएच नावाची रक्ताची तपासणी यांतून अंडाशयं आहेत का आणि चालतात का, याचा अंदाज येतो. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागात 'थकवा येतो' एवढंच सांगू नका. 'माझी पिशवी अमुक वयात काढली, तेव्हापासून झोप नाही' असं सांगा. हे टोळी निघायच्या आधी करा, कारण एकदा ट्रॅक्टर निघाला की हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येणं होत नाही.