पौंडअण्णा

आमच्या सोसायटीत अण्णा तीन. सेक्रेटरी आहेत ते सेक्रेटरीअण्णा, पहाटे साडेचारला टाळ कुटतात ते टाळअण्णा आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले पौंडअण्णा. नाव ऐकून नव्या भाडेकरूंना वाटतं, गृहस्थ इंग्लंडात राहून आलेले दिसतात. प्रत्यक्षात सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं नाशिक रोडला परत यायचं, यापलीकडे अण्णांचा प्रवास नाही. हा पौंड विलायतेचा नव्हे, धनुष्याचा.

धनुष्याची दोरी ओढायला जो जोर लागतो तो पौंडांत मोजतात. अण्णा उरलेलं जगही त्यातच मोजतात. नातवाला कडेवर घेताना किंवा कांद्याची पिशवी उचलताना त्यांचा हात क्षणभर थबकतो, डोळे मिटतात आणि आकडा बाहेर पडतो. भरलेला सिलिंडर पासष्ट पौंडांचा असल्याचं त्यांनी गॅसवाल्याला सांगितलं, तेव्हा त्या बिचाऱ्यानं पावती दोनदा वाचून पाहिली.

अण्णा करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिक रोडला हे सांगणं म्हणजे पंढरपुरात 'मी विठ्ठलाला ओळखतो' म्हणण्यासारखं आहे. १९२८ पासून इथं नोटा छापतात आणि जेल रोडपासून देवळाली गावापर्यंत दर दोन-चार घरांआड एक प्रेसवाला निघतो. अण्णांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या नोटा तपासण्यात घालवलं. कुठं शाई फुटली, कुठं रेघ सरकली, ते नजरेला आधी कळायचं आणि मेंदूला नंतर. निवृत्तीनंतर नजर राहिली, नोटा गेल्या. पहिले सहा महिने त्यांनी काकूंच्या पोळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. असं आणखी वर्षभर चाललं असतं तर संसारच मोडीत निघाला असता; पण देवळाली कॅम्पात भंगाराच्या एका दुकानात त्यांना धनुष्य सापडलं.

हे धनुष्य म्हणजे आपण लहानपणी कामटी वाकवून, सुतळी बांधून, खराट्याच्या काड्या सोडायचो तो तिरकमठा नव्हे. हे रिकर्व्ह. त्याची दोन्ही टोकं शेवटी परत पुढच्या बाजूला वळलेली असतात, रुसलेल्या माणसाच्या मानेसारखी. लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि वरून फायबरग्लास, असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. अण्णांनी खिशातून भिंग काढलं आणि मुठीजवळचे पुसट आकडे वाचले : लांबी सहासष्ट इंच, अठ्ठावीस इंच ओढल्यावर पंचेचाळीस पौंड. म्हणजे वीस किलो. दहा-दहा किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या तीन बोटांच्या पेरांवर पेलायच्या आणि वर चेहरा शांत ठेवायचा.

अण्णांचा खांदा मात्र सव्वीस इंचांवर थांबतो. इंचामागे दोन-अडीच पौंड घटतात, म्हणजे अण्णा प्रत्यक्षात चाळीसच ओढतात. हे गणित मी एकदा त्यांच्यापुढे मांडलं. पुढचे दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

धनुष्याच्या पात्याला खेळातली माणसं लिंब म्हणतात. काकूंचा पहिला संताप इथूनच सुरू झाला. मिशिगनच्या भाच्याशी फोनवर "एका लिंबाला चीर गेलीय रे" हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मग लोणच्यात घाला!" त्यापुढचं वाक्य जास्त महागात पडलं. जुन्या रिकर्व्हच्या जगात फ्रेड बेअर हे फार मोठं नाव. मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी त्यांचा कारखाना होता आणि त्यांची धनुष्यं अमेरिकेत आजही हुडकून घेतात. अण्णा भाच्याला म्हणाले, "येताना एखादी जुनी बेअर आण. कितीही जुनी चालेल, माझ्या एकट्यासाठीच आहे." काकूंनी त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावला, की बाबा या वयात प्यायला लागलेत.

पोरांचंही तेच. "माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली यामाहा आहे, एकदम ओरिजिनल," असं अण्णा लिफ्टमध्ये म्हणाले आणि रात्री चार पोरं आरएक्स हंड्रेड बघायला दारात हजर! यामाहा कंपनी २००२ पर्यंत धनुष्यंही बनवत होती, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे असे पडले की अण्णांनी त्यांना चिवडा दिला.

या धनुष्यांचं पथ्य बाळंतिणीपेक्षा कडक. काम झालं की दोरी उतरवायची. कोपऱ्यात उभं करून ठेवायचं नाही, लिंबाला पीळ पडतो. भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं निजवायचं. दोरी जुन्या पद्धतीची, डेक्रॉनची, थोडा ताण खाणारी. नव्या जातीची दोरी ताणतच नाही, सगळा हिसका टोकांना बसतो आणि जुनी टोकं फुटतात. उन्हाळ्यात गरमीनं चिकटवलेले थर सुटू शकतात, म्हणून मे महिन्यात घरातला एकमेव कूलर धनुष्यांच्या खोलीत असतो. माणसं हॉलमध्ये पंख्याखाली. कॅलेंडरवरच्या रामाच्या खांद्याला रात्रंदिवस दोरी चढवलेलं कोदंड बघून अण्णा हळहळतात, "चौदा वर्षं! जोर काय राहिला असेल त्यात!" रावण मेला, ही वस्तुस्थिती त्यांच्या लेखी बाणांच्या दर्जाची पावती आहे.

सगळ्यात मोठं पाप एकच : बाण न लावता ओढलेली दोरी सोडणं. बाणाबरोबर जाणारा जोर तेव्हा धनुष्यातच परत शिरतो आणि ते जागच्या जागी तडकू शकतं. हे पाप दिवाळीच्या पाडव्याला घडलं आणि ते जावयाच्या हातून घडलं. त्यानं भिंतीवरचं धनुष्य काढलं, सिनेमातल्यासारखं ओढलं आणि सोडलं. टण्ण! "आवाज मस्त येतो हो, बाबा," जावई म्हणाला. जावयाला बोलता येत नाही, त्यात पाडव्याला तर मुळीच नाही. अण्णा फक्त हसले. पण रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्यांच्या खोलीत दिवा होता. टेबल लॅम्प, भिंग आणि कापूस. कापूस लिंबावरून हलक्या हातानं फिरवायचा. कुठं बारीक चीर असली तर तंतू अडकतो. तंतू अडकला नाही. जावई वाचला.

निवडणुकीत अण्णांकडे लोकांची रीघ लागते. धनुष्यबाण कोणाचा, याचा निकाल निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला दिला. पण मिरवणुकीत हातात धरायला खरंखुरं धनुष्य नाशिक रोडला एकाच घरी मिळतं. अण्णा सगळ्यांना सारख्याच नम्रपणे परत पाठवतात. "आयोगानं मालक ठरवला, पौंड ठरवले नाहीत," असं म्हणतात. खरं कारण वेगळंय : कार्यकर्ते रिकामी दोरी सोडतात.

चाकांच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्याला ते 'रहाट' म्हणतात. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा अण्णांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. प्रत्येक दारात एक वाक्य जोडलं, "रहाटावर असूनसुद्धा!" फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, तो मात्र रिकर्व्हवाला. त्याला पदक मिळालं नाही, तरी पेढे दुप्पट होते.

हे झालं पाळण्याचं. मारण्याचं काय? तर महिन्यातून एका रविवारी आम्ही पळशाला त्यांच्या साडूच्या रानात जातो. कांद्याच्या बारदानात जुन्या साड्या ठासून केलेलं लक्ष्य. ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवरून बशीएवढ्या वर्तुळात बाण मारला की दहा गुण. अण्णा अठरा पावलांवर उभे राहतात. मूठ धनुष्याच्या दांड्याशी टेकवून अंगठा दोरीकडे ताठ करतात, दोरीचं अंतर मापात असल्याची खात्री करतात, आणि तीन बाण सोडतात. तीनच. मागल्या खेपेला दोन बारदानात गेले आणि तिसरा शेजारच्या उसात.

दारणाकाठच्या त्या पट्ट्यात ऊस उभा असला की त्यात बिबट्याही असतोच, असं धरून चालतात. बाण आणायला कोण जाणार यावर आमची चर्चा चालली होती, तोवर बांधावर माणसं जमली.

"फॉरेस्टकडून आले का, बाबा?"

"नाही, मी रिटायर आहे."

"रिटायर फॉरेस्टमधून?"

अण्णांनी विषय धनुष्याकडे वळवला. "हे बहात्तर सालचं आहे."

"दुष्काळातलं?" एका म्हाताऱ्यानं आदरानं हात लावला. "आम्ही तवा सुकडी खाल्ली."

अण्णांच्या लेखी बहात्तर म्हणजे म्युनिक. १९२० नंतर बावन्न वर्षांनी तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली ते साल. ते सांगायला तोंड उघडणार एवढ्यात एक शहाणा तरुण म्हणाला, "वन्यजीव कायदा पण बहात्तरचाच आहे हं. बिबट्याला बाण लागला असला तर आत जाल."

बाण उसातच राहिला. परतीच्या रिक्षात अण्णा तासभर गप्प होते. उपनगरच्या नाक्यावर म्हणाले, "ओढ मात्र स्वच्छ होती."

आता माझा गुन्हा. सुटं होणारं धनुष्य तीन तुकड्यांत येतं आणि अण्णा ते तीन हप्त्यांत घरात आणतात. काकूंनी मोजू नये म्हणून नवा माल आधी माझ्या माळ्यावर उतरतो. कोणी विचारलंच तर पडद्याच्या काठ्या, असं आमचं ठरलेलं आहे. सध्या माळ्यावर पाच पुरती धनुष्यं आणि दोन सुटी लिंबं आहेत.

यंदा दसऱ्याला सकाळी काकू सोनं द्यायला आल्या. ताटात आपट्याची पानं होती आणि झेंडूचे हार होते. मी हार मोजले : पाच मोठे, दोन छोटे.

"माळ्यावरच्यांना घाला," काकू म्हणाल्या, "आणि हळदकुंकू लावू नका, पॉलिश जातं."

प्रेसवाल्याच्या घरात मोजणी चुकत नाही.