तबकडीचं कुळशील

आम्हा कानसेनांचा एक ठाम समज असतो: बाकीचे लोक नुसतं गाणं ऐकतात, आवाज ऐकतो तो आम्ही. हा समज तपासून घ्यायला ब्राझीलच्या बोसा नोव्हाइतकं सोयीचं संगीत नाही. या संगीतातल्या त्याच त्या चार-सहा तबकड्या दर काही वर्षांनी नव्याने निघतात. त्या १८० ग्रॅम वजनाच्या, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या असतात, प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो आणि पुठ्ठा असा जाड की कपाटाची फळी वाकावी. त्यांत ‘गेट्झ/जिल्बेर्तो’चा मान पहिला. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत ही आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. सगळी मिळून चौतीसेक मिनिटं. स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन, जुआंव जिल्बेर्तोचा गळा आणि गिटार, जोबिमचा पियानो. १९६५ साली या आल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम आल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि ध्वनिमुद्रक फिल रमोनला उत्तम ध्वनिमुद्रणाचं. म्हणजे आवाज मुळातच बक्षीसपात्र होता. तरी प्रत्येक नवी प्रत हातात आली की आम्ही मान डोलावून म्हणतो, ‘आत्ता कुठे खरा आवाज ऐकू आला.’ मग त्या बिचाऱ्या परीक्षकांनी १९६५ साली नेमकं काय ऐकलं, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की आम्ही आवाज ऐकतच नाही. आम्ही कुळ ऐकतो.

आधी शास्त्राचं देणं देऊन टाकू. ४५ फेऱ्यांचा फायदा खोटा नाही. तबकडी वेगाने फिरली की तेवढ्याच आवाजाला खाचेत जास्त लांबी मिळते, तीव्र स्वरांची बारीक वळणं सुईला नीट गिरवता येतात, आणि लेबलाजवळच्या आतल्या फेऱ्यांत आवाज जो चुरगळतो तो कमी चुरगळतो. वजनाचं मात्र तसं नाही. १८० ग्रॅम हे प्लॅस्टिकचं वजन आहे, सुराचं नव्हे. जाड तबकडी हातात भारदस्त वाटते, पण खाच तेवढीच खोल असते. तरीही सोनेरी चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात छापतात ते वजनच, कारण ग्रॅम आम्हाला समजतात. बरं, वेगाचा फायदा घ्यायचा तर आठ गाणी दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर वाटून द्यावी लागतात. म्हणजे एका बाजूला दोन गाणी, साधारण आठ मिनिटं. ‘गर्ल फ्रॉम इपानेमा’तली मुलगी गेली, पाठोपाठ ‘दोरालिसी’ संपलं, की उठा, सुई उचला, तबकडी उलटा, ब्रश फिरवा, परत बसा. समुद्रकाठी पाय पसरून ऐकण्याचं संगीत म्हणून ज्याची आम्ही पाहुण्यांपुढे तारीफ करतो, ते आम्ही स्वतः उठाबशा काढत ऐकतो. या विधीमुळे ऐकण्यात लक्ष लागतं, असं आमच्यातले विचारवंत सांगतात. लागतं, हे कबूल. पण ते सुईला धूळ किती लागली यातच जास्त.

आता कुळाकडे वळतो. हा विषय निघाला की मला आवरत नाही, तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून घ्यावं. मूळ टेपवरून यंत्राने लॅकरच्या मऊ तबकडीवर खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा आणि निकेलचा थर चढवून तो सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा असलेली धातूची प्रत मिळते, तिला कारखान्यात ‘फादर’ म्हणतात. फादरवरून ‘मदर’ निघते. मदरवरून स्टँपर निघतात, आणि स्टँपरच्या जोडीत दाबून तुमची-आमची तबकडी जन्माला येते. इथे आमच्या अंगातला लग्न जुळवणारा मध्यस्थ जागा होतो. मदर एकच की चार? हा स्टँपर कितवा? आपली प्रत त्याच्या उमेदीच्या काळातली की दमल्यानंतरची? खाच संपल्यावर लेबलाभोवती जी कोरी पट्टी उरते तिच्यावर आकडे आणि खुणा कोरलेल्या असतात. भिंग लावून ती पत्रिका वाचायची, आणि ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या नावाचा शिक्का दिसला तर छत्तीस गुण जुळले म्हणून पेढे वाटायचे. जोबिमचा ‘वेव्ह’ (१९६७) तर न्यू जर्सीतल्या त्या व्हॅन गेल्डरच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला, म्हणजे घराणं तोलामोलाचं. त्याच्या कव्हरवर पीट टर्नरने आफ्रिकेत टिपलेला जिराफ आहे. ब्राझीलच्या संगीताशी जिराफाचा संबंध काय, हे कोणी विचारत नाही. रंग लालसर असलेली प्रत अस्सल की हिरवट असलेली, यावर मात्र बोलणं बंद होण्यापर्यंत मजल जाते. अलीकडे यावरही कडी झाली. फादर नको, मदर नको, लॅकरवरून निघालेल्या पहिल्याच धातूच्या प्रतीला स्टँपर करून थेट तबकड्या दाबायच्या. आई-बापांना वगळून आजोबांचा थेट नातू, आणि त्याची किंमत सव्वाशे डॉलरच्या घरात.

याच नातवाने आमची लाज काढली. अमेरिकेतल्या ‘मोबाइल फिडेलिटी’ या नामांकित कंपनीने अशा पद्धतीने मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर केलं. त्यावर २०२२ साली एका जर्मन तबकडी-शौकिनाला सरळ हिशेबी शंका आली. एका धातूच्या प्रतीतून ठरावीकच तबकड्या निघतात. मग चाळीस हजारांसाठी ती दुर्मीळ मूळ टेप किती वेळा चालवणार? फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने विचारणा केली तेव्हा कंपनीच्या ध्वनितज्ज्ञांनी मान्य केलं की मूळ टेपवरून आधी डिजिटल प्रत करतात आणि तिच्यावरून लॅकर कोरतात. २०११ पासून बऱ्याच तबकड्यांच्या बाबतीत हे चाललेलं होतं. म्हणजे अकरा वर्षं ‘डिजिटलचा वास मला दुसऱ्या खोलीतून येतो’ म्हणणाऱ्या कानांमधून डिजिटल बिनबोभाट ये-जा करत होतं, आणि ते शेवटी पकडलं गेलं ते कानाने नव्हे, गुणाकाराने. पुढे खटला झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या दाव्यात मुख्य तक्रार आवाज वाईट असल्याची नव्हती. तक्रार होती कुळ लपवल्याची. मी जे म्हणतो त्याला याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, इतर संगीताचं ठीक आहे, पण बोसा नोव्हा म्हणजे जवळजवळ कुजबुज. तिथे खरखर चालेल कशी? हा आक्षेप वजनदार आहे, १८० ग्रॅमहून बराच जास्त. जुआंव जिल्बेर्तो आवाजाच्या बाबतीत आम्हा सगळ्यांचा गुरू शोभेल असा होता. दिआमांतिना गावी बहिणीच्या घरी राहत असताना तो न्हाणीघरात बसून तासन्‌तास गात असे, कारण तिथे स्वर कसा परततो ते नीट कळे, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे ध्वनिमुद्रणाला गळ्यासाठी एक आणि गिटारीसाठी एक असे दोन मायक्रोफोन त्याने मागितले. सभागृहातल्या वातानुकूलन यंत्राच्या घरघरीवरून तो मैफल अडवून धरी. १९८८ साली त्याच्या पहिल्या तीन आल्बमांची गाणी कंपनीने एकत्र करून नव्याने काढली. त्यात आपला आवाज बिघडवला म्हणून तो कोर्टात गेला, आणि वर्षानुवर्षं लढला. त्यापायी त्याच्याच देशात ते तिन्ही आल्बम कितीतरी काळ पुन्हा निघू शकले नाहीत. हे सगळं खरं. पण त्याची तक्रार नीट पाहा. दुसऱ्या कोणी तरी आपल्या गाण्याला हात लावला, हे त्याचं दुखणं होतं. पुठ्ठा पातळ असल्याचं नव्हे. आणि त्याच्या ज्या ‘शेगा दि सऊदादी’ या गाण्यापासून बोसा नोव्हा सुरू झाला ते १९५८ साली ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघालं होतं. रियोतल्या पोरांनी ती तबकडी घरच्या साध्या यंत्रावर ऐकली आणि गिटार शिकायला धावली. कुजबुज त्यांना ऐकू गेली होती.

शिवाय चिकटपट्टीवरचे ग्रॅम कुळाचीही हमी देत नाहीत. युरोपात १९६२ पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपला आहे. तिथे कोणीही, मूळ टेपचं तोंड न पाहता आणि कलावंताला छदाम न देता, हवी ती जुनी तबकडी हवी तेवढी वजनदार करून कायदेशीरपणे विकू शकतो. कशावरून दाबली, हे खोक्यावर असतंच असं नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात समंजस: छंद आहे, आपल्या पैशाने करतात, कोणाचं काय जातं? बहुतेक वेळा कोणाचं काहीच जात नाही, आणि मी हसून सोडून दिलं असतं. पण कुळाची एवढी चौकशी करणारे आम्ही माणसांच्या नावापाशी आलो की गप्प होतो, याचा मला राग येतो. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ जगभर पोचला तो आस्त्रूद जिल्बेर्तोच्या आवाजामुळे. ती जुआंवची बायको, वय बावीस, पूर्वी व्यावसायिक गाणं कधी केलेलं नाही. ‘गर्ल फ्रॉम इपानेमा’चं इंग्रजी कडवं तिने गायलं. गाणं सुटं निघालं तेव्हा छोटं करायला नवऱ्याचं पोर्तुगीज कडवं कापलं आणि तिचं ठेवलं. आल्बमच्या दर्शनी बाजूला मात्र तिचं नाव नव्हतं, आणि तिला मिळाले ते ध्वनिमुद्रणाचे ठरावीक १२० डॉलर, असं सांगतात. म्हणजे आजच्या एका भारी पुनर्मुद्रणाच्या किमतीएवढे. २०२३ साली ती गेली. ‘नव्या प्रतीत तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो’ असं आम्ही कौतुकाने सांगतो. लॅकर कोणी कोरलं त्याचं नाव आम्हाला तोंडपाठ असतं.

दुसरं नाव बास वाजवणाऱ्याचं. पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर टॉमी विल्यम्स छापलं होतं. वाजवणारा होता ब्राझीलचा सेबास्तिआंव नेतो. मूळ कव्हर हुबेहूब छापायचं म्हटलं की चूकही हुबेहूब छापली जाते. तेव्हा तुमच्याकडे ही तबकडी असेल, किंवा माझं न ऐकता तुम्ही ती घेणारच असाल, तर एवढं करा: कव्हर उलटून बघा, टॉमी विल्यम्स दिसला तर शेजारी पेन्सिलीने खरं नाव लिहा, आणि पुढच्या बाजूला आस्त्रूदचंही. असं लिहिलेल्या प्रतीला बाजारात निम्मी किंमत येते, हे मला माहीत आहे; तरी लिहा.