दोन टक्क्यांचा फरक

'बेसनेम' ही आज्ञा मी वापरत नाही. लाडवाचं नाव वाटतं म्हणून नव्हे (घरून फोनवर एकदा मोठ्याने सांगितली, तेव्हा आईने आतून बेसन संपल्याचं कळवलं होतं), तर ती बाहेरून बोलवावी लागते म्हणून. हजार फायली असल्या की हजार वेळा नवी प्रोसेस. आम्ही पडलो जुने जाणते. पाथमधून नाव आम्ही शेलच्याच हातून कापून घेतो: हॅशने पुढून, टक्क्याने मागून. कीबोर्डवर डॉलरच्या डावीकडे हॅश, उजवीकडे टक्का, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. चिन्ह एकदा दिलं तर कमीत कमी कापतं, दोनदा दिलं तर जास्तीत जास्त. बेल लॅब्जच्या डेव्हिड कॉर्नच्या शेलमधून ही विद्या बॅशमध्ये आली, हे मी ऑफिसात कुणी न विचारताच सांगतो.

नवशिक्यांसाठी माझं आवडतं उदाहरण आडनावांचं. चिपळूणकरांचा मागचा 'कर' कापा, चिपळूण हाती येतं. कोल्हापूरकर, नागपूरकर, सगळे आपापल्या गावी सुखरूप पोचतात. मंगेशकरांचं मंगेशी मात्र एका वेलांटीने हुकतं. आणि करमरकर! 'कर आणि पुढे काहीही' असा नमुना देऊन एक टक्का लावला तर 'करमर' उरतं. दोन लावले तर अख्खं घराणं साफ, दारावरची पाटी कोरी. इथे मी थांबतो, हशा होऊ देतो आणि म्हणतो, "म्हणून, दोन टक्के जपून."

बाबांच्या फोटोंना मी दोन टक्के लावले.

निवृत्तीनंतर त्यांनी जुने अल्बम एकेक करून स्कॅन केले होते. 412 फोटो. 'चि. ताई, पहिला वाढदिवस, केक शेजारच्यांचा.' 'सौ. माहेरी निघताना. रागात.' 'कै. अण्णा, शेवटची वारी.' मला ही नावं बघवेनात. फायलीचं नाव कसं, आटोपशीर हवं! स्क्रिप्ट लिहिली, मोकळ्या जागांसाठी अवतरणचिन्हं आठवणीने घातली आणि पहिल्या टिंबापासून पुढचं सगळं छाटलं. 'एमव्ही' ही आज्ञा जुन्या फायलीवर नवी ठेवताना कुणाला विचारत नाही. बाबांच्या अल्बमात माणसं तीनच प्रकारची: लहान, बायको आणि गेलेली. क्षणात फोल्डरमध्ये तीन फोटो उरले. चि, सौ आणि कै.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "अण्णांचा शेवटचा फोटो त्यात होता," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले. फोटोच्या पाठीवर पेनाने लिहायची त्यांची जुनी सवय त्या नावांत उतरली होती. टिंब म्हणजे एक्स्टेन्शन हे माझं. त्यांच्या लेखी टिंब म्हणजे मान. मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी चहाबरोबर त्यांनी पेनड्राइव्ह पुढे सरकवला. 'नीट लावून देतो' असं मी म्हणालो, त्याच संध्याकाळी त्यांनी सगळं त्यात उतरवून ठेवलं होतं. आतल्या फोल्डरचं नाव: 'मूळ प्रत. चि. च्या हाती देऊ नये.'