‘मावशी, कार्ड गेलंय’ असं सांगून गेलेल्या मेकॅनिकला खुलं पत्र

मेकॅनिकसाहेब,

गेल्या बुधवारी दुपारी तुम्ही मिरजेत माझ्या आईकडे येऊन गेलात. वॉशिंग मशीनचं दार उघडत नव्हतं म्हणून तिने तुम्हाला बोलावलं होतं. तिचं वय ७६. घरात ती एकटीच असते. तुम्ही वीस मिनिटं थांबलात, चहा घेतलात आणि ‘मावशी, कार्ड गेलंय, कार्डामुळे लॉकही गेलंय’ असं सांगितलंत. ७,८०० रुपये खर्च सांगून ३,००० आगाऊ घेतलेत, आल्याचे ५०० वेगळे. पावती दिली नाहीत. निघताना वर बजावलंत, ‘आत पाणी आहे, मशीनला हात लावू नका, शॉक बसेल.’

दाराच्या काचेआड काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. सात दुपटी होती. आईने स्वतःच्या जुन्या सुती साड्या फाडून, दुहेरी करून, हाताने टाके घालून शिवलेली. रविवारी तिच्या पणतीचं बारसं होतं. नव्या बाळाच्या अंगाखाली जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच घालायचं असतं, हे तिला तिच्या आईने शिकवलंय. मंगळवारी सकाळी तिने दुपटी मशीनमध्ये टाकली. धुणं झालं, पण पाणी उपसलं गेलं नाही आणि दार अडकलं.

ते दार का अडकलं, हे सगळ्यांसमोर लिहिते, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या मावशीच्या दारात तुम्हीच उभे असाल.

पुढून दार असलेल्या मशीनला आत पाणी असताना दार उघडू द्यायचंच नसतं. ते उघडलं तर बादलीभर साबणाचं पाणी घरात येईल, म्हणून टाकीतलं पाणी मोजणारी कळ जोवर ‘पाणी आहे’ असं सांगते, तोवर कुलूप सुटत नाही. ड्रम फिरत असेल, पाणी कढत असेल किंवा चाइल्ड लॉक लागलेलं असेल, तरीही नाही. शिवाय बऱ्याच मशीनच्या कुलपात वीज लागली की तापणारा एक छोटा तुकडा असतो आणि त्याच्याजवळ दोन धातूंची पट्टी. तुकडा तापला की पट्टी वाकते आणि खिट्टी अडकते. तो निवायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, म्हणून धुणं संपल्यावरही दार लगेच सुटत नाही. घाईघाईने ओढाओढ करून कितीतरी घरांत मुठी मोडतात. म्हणजे आईच्या मशीनचं कुलूप बिघडलं नव्हतं. ते आपलं काम चोख करत होतं. त्या दिवशी त्या घरात काम न करणारे तुम्ही एकटेच होतात.

पाणी का उपसलं जात नव्हतं? पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकत होती. त्या अक्षरांचा अर्थ माहितीपुस्तिकेत छापलेला आहे: पाणी बाहेर जात नाही, फिल्टर आणि नळी तपासा. पुस्तिका मशीनवरच प्लास्टिकच्या पिशवीत होती. इंग्रजीत असल्यामुळे आईला ती वाचता आली नाही. तुम्हाला ती उघडायचीही गरज नव्हती, तुमचा रोजचा धंदाच तो.

आईने मला गुरुवारी रात्री फोन केला, तोही ‘कार्ड म्हणजे काय गं?’ एवढं विचारायला. कार्ड म्हणजे मशीनचा सर्किट बोर्ड. शुक्रवारी मी पुण्यात आमच्याकडे येणाऱ्या मेकॅनिकला फोन लावला. तो एका दुसऱ्या घरी कामात होता. तरी थांबून म्हणाला, ‘ताई, पाणी आहे तोवर दार उघडणारच नाही. आधी प्लग काढा. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असेल, त्यामागचा फिल्टर बघा. कार्डाचं मग बघू.’ पैशांचं नाव काढलं नाही. हे सगळं मी आईला फोनवर सांगू शकले असते, पण तिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. आणि शॉकच्या भीतीने तिने बुधवारपासून मशीन असलेल्या न्हाणीघरात पाऊल ठेवलं नव्हतं. मोरीत बादली भरून अंघोळ करत होती.

शनिवारी सकाळी मी मिरजेला पोचले. प्लग काढला, उजव्या कोपऱ्यातलं झाकण नखाने उचकटलं. आत फिल्टरची गोल मूठ, शेजारी करंगळीएवढी रबरी नळी आणि तिच्या तोंडाला बूच. बादली तिथे शिरत नाही, म्हणून परात घेतली. बूच काढायचं, परात भरली की लावायचं, मोरीत ओतून यायचं. नऊ पराती झाल्या. पाणी काळपट होतं, त्याला कुबट वास येत होता. मग फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर ओढला. दोऱ्यांचा ओला गोळा निघाला. त्यात दोन सेफ्टी पिना, ब्लाउजचा एक हूक आणि एक रुपयाचं नाणं. आत बोट घातलं तर पंपाच्या पात्यालाही दोरा आवळून बसला होता. भुवईच्या चिमट्याने तो सोडवला, पातं मोकळं फिरायला लागलं. फिल्टर बसवला, प्लग लावला, नुसतं पाणी उपसायचा प्रोग्रॅम चालवला. दोन मिनिटांनी दाराने ‘खट्’ केलं.

पाऊण तास लागला. मी बँकेत काम करते, हातात पाना धरायची मला सवय नाही.

फिल्टरजवळ एक नारिंगी दोरीही लोंबत होती. वीज गेली किंवा कुलूप खरंच अडकलं, तर पाणी काढून झाल्यावर ती ओढायची, दार उघडतं. सगळ्याच मशीनना ती नसते, या मशीनला आहे. कुलूप गेलं असं तुम्हाला खरोखर वाटलं असतं, तर तुम्ही तिलाच हात घातला असतात आणि आईचे कपडे तरी बाहेर काढून दिले असतेत.

इथवर मी तुम्हाला अडाणी समजून सोडून दिलं असतं. पण फरशी पुसताना आई म्हणाली, ‘त्या दिवशीही इथे असंच पाणी सांडलं होतं. त्यांनी हे झाकण उघडलं, काहीतरी थोडं फिरवलं, पाणी आलं तसं परत घट्ट केलं. मीच पुसून घेतलं नंतर.’

म्हणजे तुम्ही फिल्टरपर्यंत पोचला होतात. तो फिरवलात. पाणी आलेलं पाहिलंत, दार का उघडत नाही ते तुम्हाला तिथेच कळलं. आणि मग तुम्ही तो पुन्हा घट्ट केलात, उठलात आणि माझ्या आईच्या तोंडाकडे बघून कार्ड गेल्याचं सांगितलंत. ‘शॉक बसेल’ हे तिच्या काळजीपोटी नव्हतं. दुसऱ्या कुणी ते झाकण उघडू नये, म्हणून ते होतं.

साहेब, फिल्टर साफ करायचे ५०० रुपये तिने आनंदाने दिले असते, वर परत चहा केला असता. तुमच्या पेट्रोलचे, हातातल्या कसबाचे पैसे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. या धंद्यात पदरमोड करून लोकांची मशीनं चालू करून देणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांचंही नाव घालवता.

चार दिवस ओली राहिल्याने दोन दुपट्यांवर काळे ठिपके पडले. आईने ती उकळली, उन्हात घातली, लिंबू चोळलं. भुरी सुटली नाही. बारशाला पाचच दुपटी गेली. ती कुणाला काही बोलली नाही. बाळाला मांडीवर घेतलं तेव्हा खालचं दुपटं सारखं चाचपत होती.

आता व्यवहाराचं. केलेल्या कामाची पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. तुमचा नंबर आईच्या फोनमध्ये आहे, आगाऊ रक्कम तिने फोनवरूनच पाठवल्यामुळे त्याची नोंदही आहे. तक्रार मी लिहून ठेवली आहे. येत्या पंधरा तारखेपर्यंत ३,००० रुपये परत आले नाहीत, तर ती जाईल.

पैसे फोनवर पाठवू नका, घरी आणून द्या. आई दुपारी चारनंतर जागी असते. फिल्टरमधून निघालेला रुपया, पिना आणि हूक तिने एका वाटीत जपून ठेवलेत, ते तुम्हाला दाखवायचेत असं म्हणते. आणि येताना पावतीपुस्तक घेऊन या. बुधवारच्या ५०० रुपयांची पावती तिला अजून द्यायची आहे. त्यावर काय काम केलं, ते तिच्यासमोर बसून तुमच्या हाताने लिहा.

आपली,
मावशींची मुलगी