सूनबाई आणि गुलाबी पाणी

"काय गं शुभा, काल सून दहा वाजून गेल्यावर आली ना? फाटक वाजलं."

"काकू, तुमचे कान म्हणजे ना! प्रयोग चालला होता हो तिचा. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. त्यांना जंतूच्या आवरणाचा अंश दिला की त्या चवताळतात आणि जंतू मारायला नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याचं लगेच नायट्राइट आणि नायट्रेट होतं. दुसऱ्या दिवशी पेशींभोवतीच्या पाण्यात 'ग्रीस' नावाचं द्रावण घालायचं. जितकं गडद गुलाबी, तितकं नायट्राइट जास्त."

"अगं बाई! आपल्या अंगात असलं काही तयार होतं?"

"पूर्वी लोकांना वाटे, अंगात नायट्रेट येतं ते खाण्यातूनच. मग अमेरिकेत, एमआयटीत, माणसांचं खाणं मोजून लघवी तपासली, तर खाल्ल्याहून जास्त बाहेर! त्यात एकाला ताप आणि जुलाब झाले नि आकडा भलताच चढला. पुढे १९८५ मध्ये स्टूअर आणि मार्लेटा या संशोधकांनी उंदरांत दाखवून दिलं, हे उद्योग मॅक्रोफेजचे."

"आणि कच्चा माल कुठला?"

"आर्जिनीन. अमिनो आम्ल आहे, शेंगदाण्यांत भरपूर."

"मग आजपासून दाण्याची चटणी जास्त!"

"थांबा हो. रक्तात आर्जिनीन असतंच, पेशीनं ते आत ओढायला हवं. चवताळलेली पेशी त्यासाठी 'कॅट-२' नावाचं जास्तीचं दार बसवते. २००१ मध्ये हे दारच नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या, तर नायट्रिक ऑक्साइड ९० टक्क्यांहून जास्त घटलेलं. बरं, आत आलेल्या आर्जिनीनलाही वाटेकरी आहेच. आर्जिनेज नावाचं एन्झाइम त्याचंच युरिया करून टाकतं."

"आणि नायट्रिक ऑक्साइड फार झालं तर?"

"रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. जंतुसंसर्ग रक्तात भिनला की असं होतं. म्हणून त्याचं उत्पादन सरसकट बंद करणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं, तर मृत्यू वाढले. चाचणी थांबवावी लागली."

"म्हणजे जंतू मारायला हवंही, आणि अती झालं की आपल्याच जिवावर."

"म्हणून तर सून दाराच्या मागे लागलीय. कुठल्या पेशीत, किती वेळ उघडं ठेवायचं, ते कळलं तर बरं."

"लागू दे, लागू दे. पण रात्री जेवते ना वेळेवर? आणि ते राहू दे, समोरच्यांकडे रविवारी मुलीला बघायला कोण आलं होतं गं?"