सिंह राशीत कोबी शिजतोय म्हणे!

कानावर आलं का तुमच्या? सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षांवर, कुणाच्या तरी घरी कोबी शिजतोय अशी बोलवा आहे.

हसू नका. बातमी आणली ती चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की के२-१८बी या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड, नाहीतर त्याचं भावंड, असावं अशा खुणा जेम्स वेब दुर्बिणीला दिसल्यात. हा वायू म्हणजे उकडलेल्या कोबीचा वास. आपल्याकडे तो समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांमुळे हवेत येतो. मग काय विचारता! वायू आहे म्हणजे प्लवक आहेत, प्लवक आहेत म्हणजे समुद्र आहे, आणि समुद्र आहे म्हणजे काठावर कुणीतरी भेळ खात बसलेलं असणारच.

परक्याच्या स्वयंपाकघरात नाक खुपसण्याची तऱ्हा तरी बघा. ग्रह स्वतः दिसत नाहीच. तो दर ३३ दिवसांनी आपल्या ताऱ्यापुढून सरकतो, तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्या प्रकाशातले कोणते रंग वाटेत गिळले गेले ते मोजायचं आणि आत काय शिजतंय ते ताडायचं. बरं, हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा लोकमान्य टिळक ‘केसरी’ चालवत होते. म्हणजे कोबी असलाच तर तोही शिळा!

संशोधक स्वतः जपून बोलले होते हो. नुसत्या योगायोगाने अशा खुणा दिसण्याची शक्यता हजारात तीन, असं त्यांनीच सांगितलं. या धंद्यात शोध लागला म्हणायचं तर ती दहा लाखांत एकाहूनही कमी असावी लागते. शिवाय, आणखी निरीक्षणं हवीत, हेही त्यांचंच म्हणणं. पण मथळ्याला कुठे धीर असतो? मग दुसऱ्या गटांनी तीच माहिती घेऊन पुन्हा गणित मांडलं, तर वासाचा भरवशाचा पुरावा काही निघेना. त्यात हाच वायू चुर्युमोव्ह-गेरासिमेंको नावाच्या धूमकेतूवरही असल्याचं निघालं. तिथे ना समुद्र, ना प्लवक. म्हणजे बिनचुलीचाही कोबी शिजतो!

शुक्राचं प्रकरण विसरलात का? सप्टेंबर २०२०. त्याच्या ढगांत फॉस्फीन वायू सापडला, म्हणजे तिथे जीव असणार, म्हणून केवढा गहजब! आणि दोन महिन्यांत खुद्द त्याच गटाने फॉस्फीनचा आकडा बराच खाली आणला, कारण चिलीतल्या दुर्बिणीच्या माहितीतच दुरुस्ती निघाली. वाद अजून चालू आहे, पण त्या दुरुस्तीची बातमी पुढे पाठवणारा मला तरी कुणी भेटला नाही.

ही खोड आजकालची नव्हे. १९०० साली फ्रेंच विज्ञान अकादमीने परग्रहावरच्या मंडळींशी बोलणं जमवणाऱ्याला एक लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. अट एकच, मंगळ सोडून! मंगळवाल्यांशी बोलणं फारच सोपं, त्याला कसलं बक्षीस? बक्षिसाचे पैसे ठेवणाऱ्या बाईंची ही समजूत, आणि अकादमीने ती मुकाट्याने छापली. पुढे ऑगस्ट १९२४ मध्ये मंगळ जवळ आला, तर अमेरिकेच्या आरमाराने आपल्या रेडिओ केंद्रांना अधूनमधून तोंड मिटून बसायला सांगितलं. न जाणो, तिकडून कुणी हाक मारायचं आणि ती आपल्याच कलकलाटात विरायची.

तोंडात बोट घालावं अशी गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियातली आहे. पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून मधूनच एक विचित्र ठसका नोंदला जायचा. पृथ्वीवरचंच काहीतरी असावं, असा संशय होता, पण चोर सापडेना. ठसके यायचे तेही कामाच्या वेळात, जेवणाच्या सुमाराला. तरी चोराचं नाव कुणाला सुचू नये? २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ या तरुण संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. आवारातल्या मायक्रोवेव्हमध्ये कुणी डबा गरम करायला ठेवायचं आणि घंटी वाजायच्या आत दार उघडायचं. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघराचे वास काढायला बसलेली यंत्रणा, तिला घरचाच डबा भोवला! याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्सिमा या सूर्यानंतर आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून हाक आल्यासारखं वाटलं होतं. तोही आपल्याच उपकरणांचा गोंगाट ठरला.

अमेरिकेतल्या ओहायोत १९७७ साली ७२ सेकंदांचा जो ‘वाव’ नावाचा रेडिओ संकेत आला, तो पुन्हा कधी आला नाही. आणि ज्या दुर्बिणीने तो ऐकला, ती १९९८ मध्ये पाडून जागा गोल्फच्या मैदानाला दिली. पलीकडच्याने परत फोन केला, तर उचलणार कोण?

गेल्या वर्षीचा तमाशा तर ताजाच आहे. जुलै २०२५ मध्ये ३आय/ॲटलास हा धूमकेतू सूर्यमालेच्या बाहेरून आलेला दिसला. हार्वर्डचे अवी लोब यांनी ‘हे कुणाचं यान तर नसेल?’ अशी पुडी सोडली, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची तक्रारसुद्धा मागे पडली. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीला त्याच्याकडून रेडिओखुणा मिळाल्या म्हटल्यावर तर विचारू नका. त्या खुणा हायड्रॉक्सिलच्या होत्या, म्हणजे उन्हाने पाण्याचे रेणू फुटल्यावर जे उरतं त्याच्या. धूमकेतू तापला की पाणी सोडतोच. यान असतं तर ती बातमी!

आपल्या घरचं उदाहरण सांगते. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं, की त्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला नारळीकरांच्या गुरूंचं, फ्रेड हॉयल यांचं, नाव दिलं. (जंतूला गुरूचं नाव! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर गुरुपौर्णिमेला दारात उभं केलं नसतं.) जीव अवकाशातून पृथ्वीवर येतात हा हॉयल यांचा लाडका विचार, तेव्हा छाती पुढे काढून मिरवायची केवढी संधी! पण त्याच निवेदनात इस्रोने लिहिलं, की हे जीव बाहेरूनच आलेत असं यावरून निश्चित ठरत नाही. ते वाक्य मला त्या तीन जीवाणूंपेक्षा मोलाचं वाटतं.

सध्या सगळ्यांची नजर मंगळावरच्या एका दगडावर आहे. बिबट्यासारखे ठिपके असलेल्या त्या दगडाचा नमुना पर्सिव्हरन्स गाडीने २०२४ मध्ये घेतला. तसले ठिपके पृथ्वीवर पुष्कळदा जीवाणूंच्या कामामुळे पडतात, पण त्यांच्याशिवायही पडू शकतात. सोक्षमोक्ष लावायचा तर नमुना इथल्या प्रयोगशाळेत यायला हवा, आणि तो आणण्याचा खर्च २०२४ च्या अंदाजाने ११ अब्ज डॉलर. खर्चाचं नाव काढलं की गप्पा मारणारे पांगतात.

नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली आहे. पहिली पायरी, काहीतरी खूण दिसली. दुसरी, ती आपल्याच यंत्राची किंवा इथल्या घाणीची नाही याची खात्री. जीवाशिवाय दुसऱ्या कशाने ती होत नाही, हे ठरायला चौथी उजाडते, आणि त्यानंतरही तीन उरतात. तेव्हा पुन्हा कुणी ‘सापडले, सापडले!’ करत आलं, तर चहा जरूर द्या, पण कप हातात देण्याआधी विचारा, पायरी कितवी?